नकाशाची जागा

हवामान सांगणाऱ्या माणसाला एक गोष्ट लवकर कळते. आभाळ निरभ्र राहिलं तर ती देवाची करणी, आणि भिजायला झालं तर ती त्याची चूक.

ढगोबाला ती नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात कळली होती. ढगोबा हे काही त्याचं खरं नाव नव्हे, पण गल्लीत, दुकानात, वाहिनीच्या कार्यालयात सगळे त्याला हेच म्हणत, आणि बावीस वर्षांत तोही ह्या हाकेला ओ द्यायला शिकला होता. रोज संध्याकाळी बातम्या संपल्या की तो पडद्यावर यायचा. स्टुडिओत त्याच्यामागे नुसती हिरवी भिंत असे. घरोघरच्या पडद्यावर त्या हिरव्या भिंतीच्या जागी नकाशा दिसे, त्यावर ढग सरकत, बाण फिरत. ढगोबाला ह्यातलं काहीच दिसत नसे. तो आपला कडेला अंग चोरून उभा राहायचा आणि डावा हात लांब करून रिकाम्या भिंतीकडे दाखवत सांगायचा, की इथून वारा निघालाय, तिथे पाऊस पोचतोय. नकाशाची जागा मोठी, माणसाची छोटी, हा नियम त्याच्या हाडांत मुरला होता.

सुरुवातीला त्याला तीन मिनिटं मिळत. मग दोन झाली, मग नव्वद सेकंद, मग चाळीस. एक दिवस नवे कार्यक्रमप्रमुख, वयाने त्याच्या मुलीएवढे, खांद्यावर हात ठेवून प्रेमाने म्हणाले की आता पंचवीसमध्ये बसवू या. पंचवीस सेकंदांत माणसाला धड शिंकता येत नाही. ढगोबाने त्याच दिवशी राजीनामा दिला, आणि गंमत म्हणजे त्याला जराही वाईट वाटलं नाही. घरी येताना तो दोन-दोन पायऱ्या एकदम चढला. बावीस वर्षं आभाळाबद्दल बोललो, आता स्वतःबद्दल बोलणार, आणि पोटभर बोलणार, असं त्याने वाटेतच ठरवलं होतं. सगळं जग फोनवर आलं होतं, मग आपणच काय घोडं मारलं होतं? रोज सकाळी दहाला, घरातून, थेट, तासभर. आपलं जगणं, जसं आहे तसं.

"आपलं म्हणजे तुमचं," बायको म्हणाली. "माझं नाही."

ती रफूचं काम करायची. फाटलेल्या, जळलेल्या, कसर लागलेल्या कपड्यांतली भोकं त्याच कापडातले धागे काढून ती अशी विणून बुजवायची, की मालकालाही जागा सापडू नये. तिचं टेबल बैठकीच्या खोलीत खिडकीशी होतं, कारण ह्या कामाला उजेड लागतो आणि घरात मोठी खिडकी तेवढी एकच. लोक कपड्याबरोबर त्याची गोष्टही तिच्याकडे ठेवून जात. सिगारेट सोडल्याची शपथ घेतलेल्या माणसाची जळकी बाही, भांडणात ओढली गेलेली कॉलर, पोराने कात्रीने कापलेला आजोबांचा सदरा. कुणाचं भोक कसं पडलं हे तिच्या तोंडून नवऱ्यालाही कधी कळलं नव्हतं. लोकांना रफू करणारे हात आणखीही मिळाले असते, पण असं तोंड मिळालं नसतं, म्हणून ते तिच्याकडे येत.

तेव्हा तिची अट साधी होती. मी, माझं टेबल आणि माझ्याकडचा एकही कपडा दिसता कामा नये. ढगोबाने गळ्याशपथ कबूल केलं. दोघांनी मिळून पुस्तकांच्या कपाटाशेजारची कोरी भिंत निवडली, फरशीवर चिकटपट्टीची फुली मारली, स्टँडवर फोन आडवा लावला. ढगोबा फुलीवर उभा राहिला आणि तिने स्वतः फोनमधून बघून खात्री करून घेतली. टेबल चांगलं हातभर बाहेर होतं.

पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. पहिल्या दिवशी सकाळी ती दोरे आणायला गेलेली असताना ढगोबाने एक फोटो काढून बघितला, आणि त्याचा जीव घुसमटला. चित्राच्या मधोमध आपण, बाकी काही नाही. हे काहीतरी चुकलंय, असं त्याला फार वाटलं. त्याने फोन चार बोटं वळवला, पुन्हा फोटो काढला. आता तो कडेला गेला होता आणि शेजारी ऐसपैस जागा सुटली होती. चित्र कसं झकास बसलं. त्या ऐसपैस जागेत खिडकी होती, टेबल होतं, रिकामी खुर्ची होती, हे सगळं त्याच्या डोळ्यांना दिसलं, पण डोक्यात शिरलं नाही. बावीस वर्षं ती जागा त्याची नव्हतीच. तिथे काय येतं ते दुसरेच लोक बघत. आपण हात दाखवायचा आणि बोलायचं.

फोनवाल्या दुकानदाराने सांगितलं होतं की मागच्या बाजूचा कॅमेरा जास्त चांगला असतो. त्यामुळे फोनचा पडदा पलीकडे आणि ढगोबा अलीकडे. लोकांचे शेरे वाचायचे नाहीत, असं तर त्याने आधीच ठरवलं होतं. वाहिनीत असताना पत्रं येत ती फक्त भिजलेल्यांची. दुधाने पोळला होता, तो ताकही फुंकणार. कार्यक्रम संपल्यावर किती जणांनी बघितलं तो आकडा तेवढा बघायचा, बस. दहा वाजता बायको परत येऊन टेबलाशी बसली. नवऱ्याने शब्द दिलाय, विषय संपला, म्हणून तिने कामात मान घातली ती घातलीच.

पहिल्या दिवशी एकतीस लोक आले. ढगोबाला एकतीससुद्धा पुरेसे होते. तो सुटलाच. स्टुडिओत वादळाची बातमी सांगताना पँटची शिलाई कशी उसवली होती, पन्नाशीत पोहायला शिकताना नाकात पाणी कसं गेलं, पावाला लोणी लावायची त्याची स्वतःची पद्धत कोणती. बोलता बोलता डावा हात आपसूक लांब व्हायचा आणि हवेत फिरायचा. चौथ्या दिवशी सहाशे आले. आठव्या दिवशी चार हजार. ढगोबाचा आनंद गगनात मावेना, आणि गगनाचं माप त्याला इतरांपेक्षा जास्त माहीत होतं. तो सकाळी पाचला उठून दाढी करू लागला. आज काय बोलायचं ह्याच्या चिठ्ठ्या खिशाखिशांत सापडू लागल्या. बायको म्हणाली की नव्याचे नऊ दिवस, आणि बरोबर नवव्या दिवशी आकडा सात हजारांवर गेला.

रस्त्यात लोक थांबवू लागले. बेकरीवाली पैसे घेताना त्याच्या मागे कुणी आलंय का ते बघत राहिली आणि तो एकटाच दिसल्यावर जरा हिरमुसल्यासारखी झाली. औषधाच्या दुकानदाराने तर सगळ्यांसमोर विचारलं, "निळ्या कोटाचं कुठवर आलं?"

वाहिनीत ढगोबा वर्षानुवर्षं निळा कोट घालत असे. लोकांना तो अजून आठवतो म्हणून त्याला भरून आलं. तो म्हणाला की तो आता कपाटात गेला.

"झाला पण?" दुकानदार चकित होऊन म्हणाला. "काल तर कोपर अर्धंच झालं होतं."

माणसं प्रसिद्ध माणसाशी बोलताना गोंधळतात, अशी ढगोबाने स्वतःची समजूत घातली.

बाराव्या दिवशी संध्याकाळी लेकीचा फोन आला. ती दुसऱ्या शहरात नोकरीला होती, मान वर करायला फुरसत नव्हती, आणि बाबांचा कार्यक्रम तिने त्या दिवशी पहिल्यांदा बघितला होता. कौतुक-बिवतुक काही नाही, तिने एकच विचारलं.

"बाबा, आईला विचारलंत का?"

ढगोबाने गच्चीवर जाऊन स्वतःचा कार्यक्रम पहिल्यांदाच बघितला. चित्राच्या एका कडेला एक टकला गृहस्थ अखंड बोलत होता. बाकीच्या सगळ्या चित्रात खिडकीचा उजेड होता आणि त्या उजेडात दोन हात होते. टेबलावरच्या दिव्याच्या मोठ्या टोपीआड बाईचा चेहरा झाकला होता, फक्त हात. सुई एका धाग्याखालून जायची, दुसऱ्यावरून यायची, आणि निळ्या कोटाच्या कोपरावरचं भोक मुंगीच्या पावलाने लहान होत जायचं. टकला गृहस्थ मधूनच हात लांब करून नेमका त्या कोटाकडे दाखवायचा, जणू सांगतोय की बघा, इथून सुधारणा होत चाललीय.

मग त्याने शेरे वाचले. शेकड्यांनी होते. ते हात कुणाचे, कोट आज पुरा होईल का, श्वास रोखून बघतोय. कुणी आपल्या आजीचा स्वेटर काढून स्वतः रफू करून बघितला होता. एकाने लिहिलं होतं, काकांचा आवाज बंद करून बघा, फार शांत वाटतं.

ढगोबाच्या पायाखालची गच्ची सरकली. आधी लाज वाटली, मग राग आला, मग बायकोचा हेवा वाटला आणि त्या हेव्याची पुन्हा लाज वाटली. तिला आत्ताच्या आत्ता सांगायला हवं होतं. त्याने सांगितलं नाही. जेवताना तिने विचारलं की आज गप्प का, तर म्हणाला घसा बसलाय. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, दहाला पाच कमी असताना, फोन परत चार बोटं वळवायला त्याने हात पुढे केला आणि मागे घेतला. आदल्या दिवशी अकरा हजार आले होते. उद्या वळवू, संध्याकाळी सांगू, असं म्हणून तो फुलीवर जाऊन उभा राहिला. बारा दिवसांची चूक सवयीची होती, तेराव्या दिवसाची त्याची स्वतःची. हा सगळा हिशोब त्याला तिथे उभ्याउभ्याच कळत होता, तरी तो लोणच्यासारखं तोंड करून हसला आणि नमस्कार म्हणाला.

साडेदहाला दाराची घंटा वाजली आणि वाजतच राहिली. बायकोने उठून दार उघडलं. बाहेर मोठ्या बाई उभ्या होत्या. निम्म्या वस्तीला शिकवून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका, वय एकाहत्तर, पाठ अजून फूटपट्टीसारखी. निळा कोट त्यांचा होता.

"मी तुझ्याकडे कोट दिला होता," त्या आत येत म्हणाल्या. "जाहिरात करायला नव्हता दिला."

बायकोला काही कळेना. बाईंनी सगळं एका दमात सांगितलं. गेले दोन महिने त्या पहाटे मैदानावर सायकल शिकत होत्या. लहानपणी राहून गेलं होतं, म्हणून. पडल्या तेव्हा कोपर फुटलं आणि कोट फाटला. मुलगा हाडांचा डॉक्टर, त्याला कळलं तर घराबाहेर पाऊल टाकू देणार नाही, म्हणून कोट गुपचूप इथे आणला. आणि आज सकाळी त्याच मुलाने फोनवर कोट ओळखला, तिसरं बटण वेगळं आहे त्यावरून, आणि न्याहारीच्या टेबलावर त्यांची उलटतपासणी घेतली.

बायकोने ढगोबाकडे बघितलं नाही. ती सरळ फोनच्या मागे गेली आणि पडद्यात वाकून बघितलं. तिथे तिचं टेबल होतं, तिचा दिवा होता, मुख्याध्यापिकाबाईंचा कोट होता. कडेला नवरा होता. आणि हजारो लोक हे सगळं थेट बघत होते.

ढगोबा घाईने फोन बंद करायला गेला.

"बंद करू नका," ती म्हणाली. "ज्यांच्यासमोर शब्द मोडला त्यांच्यासमोर सांगा. आणि माझ्या टेबलासमोर उभे राहून सांगा, म्हणजे ते दिसणार नाही."

ढगोबा फुली सोडून डावीकडे सरकला. एक पाऊल, दोन पावलं. आता तो फोनच्या ऐन मधोमध होता, आणि मागचं टेबल त्याच्या अंगाने झाकलं गेलं होतं. शेजारी मोकळी जागा नाही, हात दाखवायला काही नाही. त्याने तोंड उघडलं. सुरुवातीला ततपप झालं, मग सगळं बाहेर आलं. शब्द कुणाला दिला होता, बारा दिवस कसा मोडला, आणि आज तेरावा दिवस, आज तो सवयीने नाही, माहीत असताना मोडला, कारण तुम्ही जाल अशी भीती वाटली. मोठ्या बाईंनी दरम्यान फोनमागची जागा घेतली होती आणि रागात असूनही, जन्मभराच्या सवयीने, पटावरची हजेरी मोठ्याने वाचत होत्या. नऊ हजार. सहा हजार. दोन हजार. आकडा उतरत होता आणि ढगोबा बोलत होता. बोलता बोलता त्याला एक विलक्षण गोष्ट जाणवली. भीती होती, लाज होती, पण छातीत काहीतरी उड्या मारत होतं. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्या मागे काहीही नव्हतं आणि तरी कुणीतरी ऐकत होतं.

"दोनशे चौदा," मोठ्या बाई म्हणाल्या. "हे बसून आहेत."

पण बायको बसून नव्हती. तिने कोपरावरचे उरलेले दोन-चार धागे भरले, कोट घडी करून बाईंच्या हातात दिला, क्षमा मागितली, आणि टेबलावरचे सगळे कपडे उचलून आतल्या खोलीत नेले. पुढचे तीन दिवस ती तिथेच काम करत राहिली. त्या खोलीला वीतभर झरोका होता. ती डोळे बारीक करून, दिव्याला नाक लावून सुई ओवायची आणि जेवणापुरतं बोलायची. त्या तीन दिवसांत दोन गिऱ्हाइकं येऊन आपले कपडे तसेच फाटके परत घेऊन गेली. तिने निमूटपणे दिले. ढगोबाने दारातून बघितलं आणि त्याला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

चौथ्या दिवशी त्याने कुणाला न विचारता फोन, स्टँड सगळं उचललं आणि न्हाणीघराशेजारच्या बोळात नेऊन लावलं. तिथे मागे फक्त पाण्याची टाकी दिसायची. फरशीवरची फुली त्याने नखाने खरवडून काढली. तिचे कपडे आणून टेबलावर होते तसे ठेवले, खिडकीचे पडदे बाजूला केले, आणि बोळात जाऊन एकशे नव्वद लोकांशी तासभर बोलला. आवाज घुमत होता, टाकी गळत होती, पण त्याची झोप पहाटेच उडत होती, चिठ्ठ्या अजूनही खिशांत सापडत होत्या. बायको खिडकीशी येऊन बसली. बोलली मात्र नाही.

मग मोठ्या बाई परत आल्या. गुडघ्यावर पट्टी, अंगात निळा कोट, चेहऱ्यावर विजय. मुलाने बंदी घातलीच नाही म्हणे. पहाटे तोच मैदानावर येतो, सायकलची सीट धरून मागे धावतो, आणि धापा टाकत सूचना देतो. तेव्हा झालं गेलं गंगेला मिळालं, आता नवऱ्याला माफ कर, असं त्यांनी बायकोला सांगितलं.

"बाई, निकाल चांगला लागला म्हणून पेपर फोडलेला चालतो का?" बायको म्हणाली.

जाता जाता मोठ्या बाईंनी कोटाची बाही पुढे केली आणि म्हणाल्या की मी तीन दिवस भिंग घेऊन शोधतेय, भोक कुठे होतं ते मला सापडत नाही, आणि ज्या हजारोंनी ते भरताना बघितलं त्यांनाही सापडायचं नाही. त्यांना बघू दे की नको, ते तू ठरव, तुझा नवरा कोण ठरवणारा. बायकोने त्या रात्री लेकीला फोन लावला आणि बराच वेळ लोकांचे शेरे वाचून घेतले. आजीच्या स्वेटरवाल्याचा शेरा तिने दोनदा वाचायला लावला. भिंतीपलीकडे ढगोबा जागा होता, पण त्याने कान दिला नाही. तेवढं तो शिकला होता.

दुसऱ्या दिवशी दहाला दहा कमी असताना ती बोळात आली. तिच्या हातात त्याचा वाहिनीतला निळा कोट होता. डाव्या काखेत मूठभर उसवलेला, कापड विरून जाळी झालेलं. बावीस वर्षं रोज तो एकच हात वर करून केलेली कमाई. ती कितीदा म्हणाली होती की द्या, भरून देते, आणि तो म्हणायचा की पडद्यावर दिसत नाही ना, मग राहू दे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

"घाला," ती म्हणाली, "आणि या खिडकीत."

गिऱ्हाइकांचे सगळे कपडे तिने कपाटात ठेवून कुलूप लावलं होतं. टेबल स्वच्छ होतं. दोन खुर्च्या शेजारी-शेजारी, खिडकीच्या ऐन मधोमध. फोन तिने स्वतः लावला, स्वतः बघितला, एक बोटही इकडे-तिकडे नको म्हणून स्टँडचे पाय दोऱ्याने बांधून टाकले. ढगोबा कोट घालून एका खुर्चीत बसला.

दहा वाजले. ती त्याच्या शेजारी बसली. दिव्याची टोपी तिने बाजूला केली होती, आणि तिचा चेहरा, कपाळावर चढवलेल्या चष्म्यासकट, स्वच्छ उजेडात होता.

"हात वर करा," ती म्हणाली.

ढगोबाने डावा हात लांब केला, बावीस वर्षं करत आला तसाच. ह्या वेळी त्या हाताच्या टोकाला काहीच नव्हतं. लोकांना दिसत होती ती त्याची काख, आणि तिथलं ते भलंमोठं भोक.

"हे भोक ह्यांचं आहे," ती फोनकडे बघत म्हणाली. "दाखवायला ह्यांची हरकत नाही. ह्यापुढे ज्याची हरकत नसेल त्याचंच दिसेल, आणि ते मी ठरवीन."

मग तिने चष्मा खाली घेतला, सुईत निळा धागा ओवला आणि नवऱ्याकडे बघितलं. पाच दिवसांत पहिल्यांदा.

"सांगा आता, कसं फाटलं ते," ती म्हणाली. "घाई नाही."